आईला घाम येत नाही

‘सगळं बरोबर शे, मॅडम. महिन्याचे महिन्याला,’ मोठी आई म्हणाली, आणि मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. मोठी आई म्हणजे माझी काकू, धुळ्याची कुंदाबाई. भाजीवाल्याला तोंडावर ‘तुझी गवार जून आहे’ म्हणणारी, लग्नात नवरीच्या आईला ‘वरणात मीठ नाही’ असं भर पंगतीत सांगणारी. ती हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये डोक्यावरचा पदर सारखा करून, डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत बघून, सरळ खोटं बोलली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं ते एवढंच: पेशंटची पाळी नियमित आहे ना? माझ्या एका बाजूला पप्पा होते आणि दुसऱ्या बाजूला मोठे आबा, म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ रतिलाल, टोपी हातात घेऊन. तो शब्द कानावर पडला तसे दोघेही एकदम भिंतीवरच्या लसीकरणाच्या पोस्टरकडे बघायला लागले, जणू त्या पोस्टरमधलं गुटगुटीत बाळ आमच्याच नात्यातलं आहे. आणि काचेच्या दाराआड आई होती. तिच्या हातातून सलाईन जात होतं आणि प्रेशर वर येत नव्हतं. जात होतं आणि येत नव्हतं. पोट दुखून दुखून ती आता कण्हायचीही थांबली होती, नुसती पडली होती. सर्जन सांगून गेले होते की आतडं फुटलं असावं, पोट उघडून बघावं लागेल, या प्रेशरवर भूल देणं धोक्याचं आहे पण थांबणंही धोक्याचंच आहे, सही करा. पप्पांनी सही केली होती. थिएटर तयार होत होतं. आणि या मध्येच कुठून तरी उगवलेल्या, चष्मा केसांत खोचलेल्या डॉक्टरीणबाईंनी आईच्या डोळ्यांवरची भुवई अंगठ्याने चोळून पाहिली होती, तिचा हात उचलून काखेत पाहिलं होतं, आणि बाहेर येऊन हा एक प्रश्न विचारला होता. मला वाटलं, जमीन हलली. कारण खरं काय आहे ते मला माहीत होतं. मोठ्या आईलाही माहीत होतं. खरं म्हणजे आमच्या सगळ्या भाऊबंदकीला माहीत होतं.

मी बोलते. सगळे म्हणतात, डिंपल बोलायला लागली की रेडिओ लाजतो. आधी नव्हते मी अशी. सातवीपर्यंत वर्गात माझं नाव घेतलं तरी माझे कान लाल व्हायचे. मग आठवीत शाळेच्या बाईंनी मला ढकलून स्टेजवर उभं केलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, समोरचे हजार डोळे मला एकदम आवडले. माईकमधून माझाच आवाज माझ्याकडे परत आला, मोठा होऊन, आणि मला वाटलं, अरे, ही कोण? ही तर भारी आहे! यंदा दहावीत मी जळगावच्या आंतरशालेय स्पर्धेत पहिली आले. आमचा नवल, मोठ्या आईचा धाकटा, माझ्याच वयाचा, मला दिसला की मूठ तोंडासमोर धरून म्हणतो, ‘मॅडम, माईक चालू आहे, बोला.’ तर अशी मी. आणि त्या पॅसेजमध्ये, समोर एकच माणूस ऐकायला, तोही डॉक्टर, तोही बाई, आणि सांगायचं काय तर एक वाक्य. फिनाईलचा वास नाकात जात होता. कुणाची तरी ओली छत्री भिंतीला टेकून ठिबकत होती. मला मोठ्या आबांच्या करकरणाऱ्या चपला दिसत होत्या, पप्पांच्या बोटाला लागलेली सहीच्या पेनची निळी शाई दिसत होती, आणि ते वाक्य छातीत तसंच अडकून बसलं होतं.

आईला घाम येत नाही. हे मला कधीपासून माहीत आहे? कायमच. जळगावचा मे महिना ज्याने पाहिलाय त्यालाच कळेल मी काय म्हणते ते. दुपारी दाराची कडी धरली तर हात भाजतो, नळाचं पाणी चहाला चालेल इतकं तापतं, कुत्री गाड्यांखाली जीभ काढून पडतात. आणि त्या दुपारी माझी आई आतल्या खोलीत गोधडी पांघरून निजलेली असते. त्या खोलीत पंखा आहे, पण तो मी फिरताना पाहिलेला नाही. पप्पा उन्हाळ्यात गच्चीवर झोपतात, मी बाहेर कूलरपुढे, आणि आई आत, दार लोटून, न फिरणाऱ्या पंख्याखाली. त्याच्या पात्यांवर धूळ साचून साचून लोकर झालीय. लहानपणी उन्हातून आले की मी तिचे हात ओढून माझ्या दोन्ही गालांवर ठेवायचे. माठासारखे गार. नवल सुट्टीत आला की तोही रांगेत. ‘काकूचा हात म्हणजे फ्रिज,’ म्हणायचा, आणि आम्ही भांडायचो, आता माझी पाळी, आता माझी पाळी. आई काही बोलायची नाही, हात देऊन बसायची. हसायची म्हणजे ओठ थोडे रुंद करायची. ती सगळंच थोडं करायची. थोडं जेवायची, थोडं बोलायची, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून कठड्याला धरायची. भुवया तर जवळजवळ नव्हत्याच, लग्नाला वगैरे जाताना मीच पेन्सिलने काढून द्यायचे. शेजारच्या बाया म्हणायच्या, रूपाताईंचा स्वभाव फार थंड. पहूरचे मामा म्हणायचे, लग्नाआधी ही झाडावर चढायची, आता बघा. पप्पा म्हणायचे, संसाराने माणूस शांत होतो. आणि मी? मला वाटायचं, आई म्हणजे अशीच असते. एखाद्याचं घर नदीकाठी असतं, आमच्या घरात सावली आहे. सगळ्यांनी मिळून त्या गोष्टीला स्वभाव असं नाव दिलं होतं, आणि एकदा नाव दिल्यावर कोण कशाला बघतंय!

आणि दुसरी गोष्ट. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. सगळी भाऊबंदकी धुळ्याला मोठ्या आबांकडे जमते. नारळाला मुखवटा, नथ, हिरवं पातळ लेवून देवी उभी राहते, रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. आणि रोट. घरातल्या पुरुषमाणसांच्या नावाने मुठी मुठी गहू आणि डाळ मोजायची, त्याचं पुरण, पोळ्या, खीर; हे सगळं मिळून रोट. तो फक्त भाऊबंदांनीच खायचा. बाहेरच्या माणसाला कणभर द्यायचा नाही, टाकायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचा. आणि त्याचं सोवळं इतकं कडक की जिची अडचण असेल तिची सावलीसुद्धा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पडता कामा नये. आता एवढ्या बाया, कुणाची ना कुणाची तारीख येणारच. दरवर्षी हीच धास्ती, गोळ्या खा, तारखा पुढे ढकला, आयत्या वेळी कुणीतरी रडत माडीवर. फक्त एकीची कधीच काळजी नसायची. ‘आपली रूपा शे ना,’ मोठी आई म्हणायची, ‘तिले कानबाईनी मोकळं ठेयेल शे.’ म्हणून मग दरवर्षी रोट आईच करायची. पहाटे ओल्या केसांनी चुलीपुढे बसलेली, त्या आगीपुढेसुद्धा कपाळ कोरडं, आणि बाया येताजाता तिच्या पाया पडायच्या. खरंच पडायच्या! त्या दोन दिवसांत माझी थंड आई त्या घरातली सगळ्यांत मोठी बाई असायची. यंदा माझी स्वतःची तारीख नेमकी रविवारी आली आणि मला माडीवर बसवलं. मी जिन्यातून ओरडून भांडले, भाषणच ठोकलं, नवलने खालून टाळ्या वाजवल्या. मग आई वर आली, मधल्या पायरीवर थांबत थांबत, माझ्यासाठी चहा घेऊन. मी म्हटलं, ‘तुझं बरंय. तुला कशी काय कधीच येत नाही?’ ती शेजारी बसली. खालून गाण्याचा आवाज येत होता. ‘मला नाही येत ती,’ आई म्हणाली, ‘तू झालीस तेव्हापासून. आधी वाटलं, येईल. मग म्हटलं, बरं झालं, एक कटकट गेली.’ मी म्हटलं, ‘लकी आहेस!’ तिने माझ्याकडे बघून ओठ थोडे रुंद केले.

सोमवारी देवी गेली, मंगळवारी पाहुणे पांगले, आणि पातेल्यात खीर उरली. हवा कुंद, लाईट दिवसभर गेलेले. मोठ्या आबांनी वास घेऊन वाटी खाली ठेवली. नवलने तर पातेल्याकडे बघून नाकच धरलं. मोठी आई म्हणाली, ‘टाकता येत नही, रूपा. तुना हातनं शे, तूच संपाडी टाक.’ आणि आईने संपवली. भांडण नाही, हो-नाही नाही. मी समोर बसले होते. पातेलं कलतं करून बोटाने पुसून घेतलं तिने. बुधवारी सकाळी पोटात कळा सुरू झाल्या, मग उलट्या, मग संडास. तसं थोडं थोडं सगळ्यांचंच बिघडलं होतं. नवल दोनदा ओकला आणि दुपारी क्रिकेट बघत बसला. आईला ओवा दिला, सुंठ दिली, मीठ-साखरेचं पाणी दिलं, ते सगळं उलटून पडलं. ‘पोटले आराम दे, काही खाऊ नको, आपोआप बसस,’ मोठी आई म्हणाली, आणि खरंच, सगळ्यांचं बसलं, आईचंच बसेना. ती पोट धरून आखडून पडली होती. तिला हलकी हलकी थरथर येत होती आणि ती एकच म्हणत होती, ‘पांघरूण द्या.’ मी गोधडी घातली. दुसरी घातली. गुरुवारी सकाळी ती बोलायची बंद झाली. मी म्हटलं, आई, ए आई. तिने डोळे उघडून मला विचारलं, ‘तुम्ही कोणाच्या?’

तुम्ही कोणाच्या! त्या एका क्षणापासून माझ्या डोक्यात एक बारीक शिट्टी वाजत राहिली होती, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी सूं सूं होते ना तशी. गाडीत घातलं तेव्हा वाजत होती, सर्जन पोटावर बोटं दाबत होते तेव्हा वाजत होती, आणि आत्ता पॅसेजमध्येही वाजत होती. डॉक्टरीणबाईंनी मोठ्या आईचं उत्तर ऐकलं, मान हलवली, ‘बरं’ म्हणाल्या आणि वळल्या. वळल्याच. त्यांच्या पाठीवर पांढऱ्या कोटाची एक सुरकुती होती, ती सुरकुती माझ्यापासून लांब चालली होती, आणि मला कळलं की ती दाराच्या आत गेली की संपलं. म्हणजे कशामुळे संपलं हे मला काहीच कळत नव्हतं. पाळीचा आणि पोटात दुखण्याचा काय संबंध, आतडं फुटण्याचा काय संबंध, मला काय माहीत. मला फक्त इतकंच कळत होतं की ज्या बाईने सगळं सोडून तो प्रश्न विचारला होता तिला खोटं उत्तर मिळालंय.

‘मॅडम,’ मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की नर्सने मान वर केली. ‘आईला पाळी येत नाही. मी झाल्यापासून नाही. एकदाही नाही.’

‘डिंपल!’ पप्पा म्हणाले.

‘चूप बस वं!’ मोठी आई माझा दंड धरून म्हणाली. ‘माणसं उभी शेत अठे.’

मोठे आबा पोस्टरकडेच बघत राहिले. त्यांचे कान मात्र लाल झाले होते, सातवीतल्या माझ्यासारखे.

डॉक्टरीणबाई परत आल्या. ‘बोलू द्या तिला,’ त्या म्हणाल्या, आणि माझ्याच अगदी समोर उभ्या राहिल्या. ‘आणखी काय होत नाही आईला?’ कुणी कधी असा प्रश्न विचारला असेल का? काय होतं असं नव्हे, काय होत नाही! आणि मग माझ्या तोंडातून सगळं धबाधबा बाहेर पडलं. घाम येत नाही. उन्हाळ्यात गोधडी लागते. पंखा लावत नाही. भूक लागत नाही. भुवया नाहीत, मी काढून देते. जिना एका दमात चढत नाही. हसताना आवाज येत नाही. मी बोलत होते आणि बोलता बोलता मलाच ते पहिल्यांदा ऐकू येत होतं, एकापुढे एक ठेवलेलं. मला दरदरून घाम फुटला होता. इतकी वर्षं हे सगळं आमच्या घरात सुटं सुटं पडलं होतं, कोपऱ्यात एक, शिंक्यावर एक, आणि मी ते सगळं रोज ओलांडून शाळेत जात होते.

‘हिच्या जन्माच्या वेळी रक्त फार गेलं होतं का?’ डॉक्टरीणबाईंनी मोठ्या आईला विचारलं. आवाज आता अगदी मऊ होता. ‘आणि ताई, बाळंतपणानंतर तिला दूध आलं होतं?’

मोठ्या आईचा हात माझ्या दंडावर होता तो गळून पडला. ती बाकावर बसली. ‘पहूरले बाळंतीण व्हयनी ती,’ ती म्हणाली. ‘रंगत थांबेच ना. जीपमां टाकीसन जळगावले आनी, तवय जीव हाती लागना. दूध नही आलं, मॅडम. एक थेंब नही. हाई पोरले मीच पाजेल शे. एक अंगले नवल, एक अंगले हाई.’

‘सिस्टर!’ डॉक्टरीणबाई पळतच आत गेल्या. ‘हायड्रोकॉर्टिसोन काढा. आधी रक्त घेऊन ठेवा, रिपोर्टसाठी थांबायचं नाही. ग्लुकोज जोडा. आणि सरांना सांगा, थिएटर थांबवा, मी बोलते त्यांच्याशी.’ काचेतून मला दिसलं, अंगठ्याएवढी बाटली, तळाशी पांढरी पूड, त्यात पाणी सोडून नर्सने ती हलवली, सुईने ओढून घेतली आणि आईच्या हातातल्या नळीत हळूहळू सोडली. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल, यंत्र, दिवे. एवढीशी पूड! पॅसेजमध्ये कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बऱ्याच वेळाने मोठे आबा भिंतीला सांगावं तसे म्हणाले, ‘मंग ती कानबाईनी किरपा नव्हती का?’ बाहेर रिक्षावाले देवपूर, देवपूर ओरडत होते.

मी मोठ्या आईशेजारी बसले. मला तिचा राग यायला हवा होता, आणि मी तो शोधत होते, पण तो सापडत नव्हता. माझं लक्ष सारखं तिच्या पोलक्याकडे जात होतं आणि मी नजर वळवत होते. एक अंगले नवल, एक अंगले हाई. म्हणून मला लहानपणापासून तिच्या पदराचा वास, तो तेलाचा आणि हिंगाचा वास, इतका ओळखीचा वाटतो? आणि आईच्या पदराला वासच नाही, कारण तिला घामच नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मला वाढदिवसाला केक मिळत होता, फुगे मिळत होते, आणि मी ज्या दिवसाचे फुगे फोडत होते त्या दिवशी पहूरच्या एका खोलीत रक्त थांबत नव्हतं, कुणीतरी जीप शोधत पळत होतं, आणि आईच्या आत कुठेतरी काहीतरी विझत होतं. मी रडत रडत आले असणार. आवाज तेव्हाही मोठाच असेल. आणि त्याच वेळी तिचा आवाज गेला. म्हणजे झाडावर चढणारी ती रूपा, मामा सांगतात ती, तिला मी कधी भेटलेच नाही. आम्ही दोघी दारात एकमेकींना ओलांडून गेलो, मी आत आले आणि ती बाहेर. ‘काय विचार करी राहिनी?’ मोठ्या आईने विचारलं. मी म्हटलं, ‘तू खोटं का बोललीस?’ तिने पदराने नाक पुसलं. ‘माणसांदेखत कसं सांगू? आणि इतकी वरसं जिना पाया पडनूत,’ ती म्हणाली, ‘तिले आजार शे, हाई माले कसं दिसी?’ आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. मी तिच्या पदराचा वास घेत बसून राहिले.

ऊन कलायच्या आत आईचं प्रेशर वर आलं. आधी थोडं, मग धडधडीत. सर्जन येऊन पुन्हा पोट दाबून गेले, पोट लोण्यासारखं मऊ होतं, आतडं फुटलं नव्हतंच. आम्हाला आत सोडलं तेव्हा आई डोळे उघडून वर बघत होती. मी जवळ गेले. मला भीती वाटत होती, ती पुन्हा विचारेल, तुम्ही कोणाच्या. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘डिंपे, भूक लागलीय मला. काहीतरी दे ना खायला. जाम भूक लागलीय.’ आवाज! मी पप्पांकडे बघितलं, पप्पा माझ्याकडे. तिचा आवाज इतका भरलेला होता, गळ्यातून नाही, छातीतून आलेला, की मी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी बोललं की काय. पप्पा स्टुलावर बसले. ‘अशी बोलायची ती,’ ते म्हणाले. ‘लग्नात. अशीच बोलायची.’ आणि त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

डॉक्टरीणबाईंनी मग समजावलं. डोक्यात मटारएवढी एक ग्रंथी असते, बाळंतपणात फार रक्त गेलं की ती सुकते. मग अंगात जे रस तयार व्हायचे ते होतच नाहीत, म्हणून पाळी नाही, घाम नाही, भुवयांचे-काखेतले केस नाहीत. रोजचं कसंबसं निभतं, माणूस पडत उठत चालतो. पण पोट बिघडलं, ताप आला, काही संकट आलं, की शरीर एक रस जास्त सोडतं आणि त्यावर तग धरतं. ‘नवलकडे तो होता, म्हणून तो ओकून क्रिकेट बघत बसला,’ त्या मला म्हणाल्या, कारण नवलचं मीच सांगितलं होतं. ‘आईकडे सोडायला काहीच नव्हतं.’ आता रोज गोळी, जन्मभर. उपास असो, देव असो, गोळी चुकवायची नाही. ताप आला तर दुप्पट. उलटी होऊन गोळी टिकली नाही तर थेट दवाखाना, इंजेक्शन. थायरॉईडची गोळी नंतर, थोड्या दिवसांनी. ती आधी दिली असती तर उलटलं असतं. आणि त्या मला म्हणाल्या, ‘भूल दिली असती ना, तर टेबलावरच...’ ते न बोललेलं वाक्य अजून माझ्याजवळ आहे. शाळेत प्रार्थना चालू असताना मध्येच ते पूर्ण होतं आणि माझे तळवे गार पडतात.

जळगावला आल्यावर सगळे मला म्हणाले, डिंपल, तू आईला वाचवलंस, आता किती छान वाटत असेल! मी हो म्हणते. पण खरं सांगू? मला धक्क्यातून बाहेरच येता येत नाही. कारण आमच्या घरात एक बाई राहायला आलीय. ती सकाळी माझ्या आधी उठते. ती जिना चढते आणि मधली पायरी तिला आठवतच नाही. ती दोन भाकरी खाते आणि तिसरी अर्धी मागते. भाजीवाल्याशी भांडते, मोठ्या आईला फोनवर ‘अक्का, पुढच्या वर्षी खीर उरली तर मी पुरून टाकणार, सांगून ठेवते,’ म्हणते आणि खदाखदा हसते. तिच्या कपाळाखाली बारीक बारीक केस उगवलेत, मी पेन्सिल घेऊन गेले तर म्हणाली, राहू दे. एक दिवस शाळेतून तापून आले आणि सवयीने तिचे हात ओढून गालांवर ठेवले. ते कोमट होते. माझ्या हातांसारखेच. मी पटकन सोडून दिले. ‘काय गं?’ तिने विचारलं. काही नाही, मी म्हटलं. बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि कशासाठी रडतेय हे कुणाला सांगता आलं नसतं. त्या गार हातांची बाई मेली नाही म्हणून मी देवापुढे साखर ठेवली होती, आणि ती तर गेलीच होती, सलाईनच्या नळीतून ती पांढरी पूड आत गेली तेव्हाच. मी कुणाला वाचवलं? आणि जिला वाचवलं तिला मी आवडेन का? तिला माझी काही सवय नाही. तिने मला थोडं थोडंच पाहिलंय.

नवरात्र संपलं आणि ऑक्टोबरची गरमी सुरू झाली. परवा रविवारी दुपारी मी आतल्या खोलीत टेबलाशी भूमितीची प्रमेयं घोटत होते. आई पलंगावर पडली होती. बाहेर एक पानसुद्धा हलत नव्हतं. मला वाटलं ती झोपलीय. मग मागून आवाज आला, ‘डिंपे.’ मी म्हटलं, हं. ‘पंखा लाव गं.’

मी वहीतून मान वर केली. मला वाटलं, मी ऐकलं नाही. ती पुन्हा म्हणाली, जरा चिडून, ‘अगं लाव ना. किती उकडतंय!’ मी उठले. त्या भिंतीवरचं बटण मी कधी दाबलंच नव्हतं. ते घट्ट झालं होतं, अंगठ्याने जोर लावून दाबलं. वर काहीतरी कुरकुरलं. पाती जागची हलली, थांबली, पुन्हा हलली, आणि मग एकदम फिरायला लागली, आणि माझ्या जन्मापासूनची धूळ, काळी, लोकरीसारखी, गोळे गोळे होऊन सगळ्या खोलीभर उडाली. माझ्या वहीवर, उशीवर, आईच्या केसांत. आई ताडकन उठून बसली, एकामागून एक शिंकली आणि ओरडली, ‘गधडे! आधी पुसायचा नाही का? डोळे आहेत का बटणं?’

ती मला पहिल्यांदा ओरडली होती. मी बटणावर हात ठेवून तशीच उभी. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्यावरची धूळ पाहिली, आणि हसायला लागली, आवाज करून, पोट धरून, आणि हात पुढे करून म्हणाली, ‘ये इकडे. ये, ये.’ मी गेले. ती तिच्या पदराने माझं तोंड पुसायला लागली, जोराने, कानामागेसुद्धा, आणि तिचं तोंड माझ्या तोंडाच्या इतकं जवळ होतं की मला नीट दिसलं: तिच्या वरच्या ओठावर, जिथे आजवर काहीच नव्हतं, तिथे बारीक बारीक थेंब उभे होते.